एस्टिमेट जरा वाढवून लिहा की!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

"मिस्त्री, एस्टिमेट जरा वाढवून लिहा की! पैसे काय तुमच्या-माझ्या खिशातून जाणार आहेत? इन्शुरन्सवाले देतायत!"

मित्रहो, हे वाक्य मी पहिल्यांदा कधी ऐकलं ते आता आठवतही नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं गॅरेज आहे. डेंटिंग-पेंटिंगपासून इंजिनापर्यंत सगळी कामं होतात. शाळेच्या सुट्ट्या मी तिथेच पॉलिशपेपर घासत काढल्या. त्यामुळे गिऱ्हाईक दारात गाडी लावून इकडे तिकडे बघायला लागलं आणि आवाज खाली आणून "एक मिनिट जरा बाजूला या" म्हणालं, की पुढे काय येणार ते मला आधीच कळतं.

गंमत म्हणजे असं मागणारा माणूस चोर वगैरे नसतो. मास्तर असतात, डॉक्टर असतात, देवळात रांगेत उभे राहणारे काका असतात. आणि त्यांचं दुखणंही खरं असतं. वर्षानुवर्षं हप्ता भरायचा आणि पहिल्यांदा क्लेम करायची वेळ आली की कळतं, सगळे पैसे मिळतच नाहीत! साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापतात. फायबरच्या भागाला ३० टक्के. पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे. रंगाच्या मटेरियलवर पुन्हा ५० टक्के. काच तेवढी सुटते. आणि वरून खासगी मोटारीला १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यापुढे २००० रुपये मालकाने स्वतः सोसायचे असतात. हे सगळं पॉलिसीत छापलेलं असतं, पण ती वाचतो कोण? आपण तरी प्रॉस्पेक्टस कुठे वाचून आलो होतो!

मग मागण्या सुरू होतात. कोणी म्हणतं, कापले जाणारे पैसे आधीच वर चढवा. कोणी म्हणतं, दाराला गेल्या वर्षीचा पोचा आहे, तोही ह्यातच बसवा. कोणी म्हणतं, बिलात नवा पार्ट दाखवा, जुनाच ठोकून सरळ करा, राहिलेले आपण दोघं बघू.

आमचे आप्पा अशा वेळी काय करतात, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितोय. कारण "नाही" म्हणायचं असतं हे आपल्याला सगळ्यांनी शिकवलंय, पण कसं म्हणायचं ते कोणीच शिकवलेलं नाही.

आप्पा आधी नाही म्हणतच नाहीत. ते विचारतात, "नेमके किती कमी पडतायत, साहेब?" बहुतेकांना ते माहीतच नसतं. मग आप्पा पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडतात. समजा, बंपर ४००० चा आणि रंगकाम २५०० चं. एकूण ६५००, टॅक्स सोडून. बंपरचे निम्मे गेले, रंगातले तीनएकशे गेले, सक्तीचे १००० गेले. हातात येणार ३२०० च्या आसपास. आता दुसरी बाजू. तीन वर्षं क्लेम केला नाही म्हणून यंदा ३५ टक्के नो क्लेम बोनस मिळालेला असतो. पुढच्या वर्षी तो ४५ टक्के होणार असतो. आत्ता क्लेम केला की तो सरळ शून्य. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ८००० धरला, तर पुढच्याच वर्षी ३६०० जास्त भरायचे. म्हणजे ३२०० मिळवायला ३६०० घालवायचे, आणि त्यापुढच्या वर्षांतही बोनस खालून चढत यायचा! "क्लेमच करू नका," आप्पा म्हणतात. "बंपर वेल्ड करून देतो. पैसे दोन वेळेला द्या. आणि पुढच्या वेळी पॉलिसी काढताना झिरो डेप घ्या, म्हणजे हे कापाकापीचं दुखणं बरंचसं जाईल."

दहातली सात माणसं इथे खूष होऊन जातात. ती खोटं बोलायला आलेलीच नसतात, अडचण सोडवायला आलेली असतात. खोटं बोलणं एवढा एकच मार्ग त्यांना कुणीतरी सांगितलेला असतो.

प्रश्न उरतो तो बाकीच्या तिघांचा.

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापूर-सांगलीकडचं कोणीच विसरणार नाही. मी तेव्हा नववीत होतो. हायवे बंद, गाव पाण्यात. पाणी ओसरल्यावर गॅरेजसमोर चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली. त्यात एक आमच्या जुन्या गिऱ्हाइकाची. त्यांच्या ऑफिसच्या पाचही गाड्या आमच्याकडेच यायच्या. यांनी पाणी उतरल्या उतरल्या गाडीला सेल्फ मारला होता. आता आपल्याला थर्मोमध्ये शिकवलंय, हवा दाबली जाते, पाणी नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर गेला की कनेक्टिंग रॉड वाकतो. हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात तो हाच. पुराचं नुकसान पॉलिसीत बसतं, पण पाण्यातलं इंजिन चालू करून झालेलं नुकसान इन्शुरन्सवाले नंतर ओढवून घेतलेलं धरतात. इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर नसेल तर ते देत नाहीत.

साहेबांकडे ते कव्हर नव्हतं. ते म्हणाले, "मिस्त्री, गाडी बंदच होती, सेल्फ मारलाच नाही, असं तुमच्या रिपोर्टात लिहा."

आप्पा म्हणाले, "साहेब, बंद इंजिनाचा रॉड पुराने वाकत नसतोय. सीटा, वायरिंग, साफसफाई, पाण्यात गेलेला एकूण एक भाग लिहितो, रुपया सोडत नाही. पण रॉड लिहिणार नाही. गाडी तुमची, पॉलिसी तुमची, पण कागदावरचा शिक्का माझा आहे."

साहेब गाडी टो करून घेऊन गेले. पाठोपाठ बाकीच्या चार गाड्याही गेल्या. त्या परत आल्या नाहीत. आप्पांनी नव्या लिफ्टसाठी दिलेला अ‍ॅडव्हान्स परत मागून घेतला. आजही आमच्याकडे गाडी जॅकवरच चढते. त्या रात्री जेवताना आई एवढंच म्हणाली, "चार अक्षरं लिहिली असती तर?" आप्पा म्हणाले, "पुढच्या येळेला आठ लिहायला लागली असती."

तेव्हा मला आईचं पटलं होतं. खरं सांगतो.

आता काही जण म्हणतील, एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो? त्यांना मी आपली मेस दाखवीन. आपल्याकडे डिव्हायडिंग सिस्टीम आहे. महिन्याचा खर्च भागिले पोरं. कोणी गेस्ट आणला आणि रजिस्टरमध्ये लिहिला नाही, तर मेसचं काही बिघडत नाही. बिल तुमचं-माझं वाढतं. विमा म्हणजे तरी दुसरं काय? सगळ्यांनी भरलेल्या हप्त्याची मोठी मेस! फुगवलेलं प्रत्येक एस्टिमेट हा न लिहिलेला गेस्ट असतो.

दुसरा मुद्दा जास्त खरा आहे. कंपन्या तरी कुठे सरळ वागतात? क्लेम लोंबकळत ठेवतात, फाटे फोडतात. मान्य! पण त्यावर इलाज आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जायचं. पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे, फी लागत नाही. फक्त तिथे जायला आपले कागद खरे लागतात. खोटं एस्टिमेट जोडलं की खऱ्या नुकसानीवर भांडायचा हक्कही आपण घालवून बसतो. शिवाय ती कायद्याने फसवणूक होऊ शकते. पूर्वी ४२० म्हणायचो, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. आणि गोत्यात येताना गिऱ्हाईक एकटं येत नाही, शिक्का मारणारा मिस्त्रीही येतो.

आता थोडं स्वतःविषयी. हे लिहायचं की नाही यावर आमच्या रूमवर बरीच चर्चा झाली.

गेल्या वर्षी आमच्या मिनी प्रोजेक्टला डिपार्टमेंटने पैसे मंजूर केले. सेन्सर आणि मोटर मिळून ११५० रुपये झाले. मी दुकानदाराला म्हणालो, "काका, बिल जरा वाढवून द्या ना." अगदी तसाच आवाज खाली आणून! काका काही बोलले नाहीत. त्यांनी शिक्का मारलेलं कोरं बिल फाडून दिलं. मी रूमवर बसून माझ्याच अक्षरात २४०० लिहिले. पैसे पास झाले. आम्ही चौघांनी वरच्या पैशांत पार्टी केली.

त्या काकांना नाही म्हणणं जड गेलं असेल का? मला वाटतं, नसेल. रोज आमच्यासारखी पोरं येत असतील, त्यांनी कोऱ्या बिलांचा गठ्ठाच तयार ठेवला होता. पण त्यांनी एकदा जरी "किती कमी पडतायत रे बाळा?" असं विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला एक रुपयाही कमी पडत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत गॅरेजवर परत तेच वाक्य कानावर आलं आणि आप्पा पाठकोरा कागद शोधायला लागले. मला तिथे उभं राहवेना. सुट्टी संपल्यावर मी १२५० रुपये डिपार्टमेंटच्या ऑफिसात नेऊन दिले. क्लार्क मॅडमना पंचाईत पडली, म्हणाल्या, "हे कुठल्या हेडखाली घेऊ?" आजवर असे पैसे परत आलेच नव्हते म्हणे!

आपल्यापैकी कोणी उद्या सर्व्हेअर होईल, कोणी साइटवर मेजरमेंट बुक लिहील, कोणी परचेसला बसेल. सगळीकडे कोणीतरी आवाज खाली आणून "जरा बाजूला या" म्हणणारच आहे. रीडिंग न घेता जर्नल पूर्ण करणाऱ्या आपल्या हाताला तेव्हा एकदम नाही म्हणायला जमेल असं मला वाटत नाही. तेव्हा सवय आत्ताच लावलेली बरी. समोरच्याला चोर म्हणू नका. अडचण विचारा, कागद घ्या, खरा हिशेब मांडून दाखवा. दहातले सात ऐकतील.

उरलेले तीन निघून जातील. त्यांच्याबरोबर लिफ्टही जाईल, हे मात्र आधीच धरून चाला.