कॉलेजातली मैफल

कॉलेजचा कार्यक्रम म्हणजे फिल्मी गाणी नि शिट्ट्या, असं आपण धरूनच चालतो. पण १९७७ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक किरण सेठ यांनी ‘स्पिक मॅके’ ही चळवळ सुरू केली. अमेरिकेत शिकताना ऐकलेलं ध्रुपद त्यांच्या मनात घर करून होतं. तेव्हापासून नामवंत गवई, वादक, नर्तक कॉलेजांत येतात. तिकीट नाही. सतरंज्या घालण्यापासून पाहुण्यांची सरबराई करण्यापर्यंत सारं विद्यार्थीच पाहतात. (घरी स्वतःचं ताट न उचलणारी मुलंसुद्धा!) कलावंत गाता-गाता रागही समजावून सांगतात. बाहेरच्या रसिकांनाही बहुधा मज्जाव नसतो, तरी आपण फाटकावरूनच परततो. तुमच्या गावी मैफल असेल, तर आधी चौकशी करा आणि आजींनाही सोबत न्या. खुर्च्या मात्र मिळतीलच असं नाही.