गाभोळीवरचे संकट

मेलेले मासे खाडीत तरंगू लागले की ओरड होते, पंचनामा होतो. जे मासे जन्मालाच येत नाहीत, त्यांचा पंचनामा कोण करणार? सांडपाणी व खते यांमुळे शेवाळ माजते आणि ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. अशा पाण्यात मासा मरतोच असे नाही, पण त्याची संप्रेरके ढळतात. हाँगकाँगच्या रुडॉल्फ वू यांनी २००३ साली कार्प माशांत हे दाखविले. पुढे अमेरिकेतील पीटर थॉमस यांना मेक्सिकोच्या आखातात, आपल्या घोळ माशाच्याच कुळातील काही माद्यांच्या अंडाशयांत चक्क नराच्या बीजपेशी आढळल्या!

हे दूरचे म्हणून सोडून देता येणार नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याशी खोलातले प्राणवायुहीन पाणी वर येते. ती निसर्गाची रीत. तिला इलाज नाही. परंतु जमिनीवरून जाणाऱ्या नत्राने ती अवस्था अधिक बिकट होत असल्याचा इशारा दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००० सालीच दिला होता. तो भार मात्र सर्वस्वी आपला आहे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवून ट्रॉलरवाल्यांना संयम शिकविणारे सरकार सांडपाण्याला एक दिवसाचीही बंदी घालीत नाही. धक्क्यावर उतरणाऱ्या मासळीचे वजन होते. तिची गाभोळीही तपासली जावी, नदीमुखांतील प्राणवायू दरमहा मोजून आकडे जाहीर व्हावेत, अशी आमची मागणी आहे.