विकिपीडियाचं पान स्लो का होतं? दरवेळी दोष तुमच्या नेटचा नसतो

फोनवर फुल ५जी, तरी विकिपीडियाचं पान गोल-गोल फिरत बसलं, की आपण आधी नेटवर्कला शिव्या घालतो. पण कधी कधी अडचण दुसऱ्या टोकाला असते.

२९ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं निधन झालं. इंग्रजी विकिपीडियावरचं त्यांचं पान एका दिवसात २८ लाखांहून जास्त वेळा उघडलं गेलं. एवढी गर्दी विकिपीडियाला नवीन नाही. पण त्याच वेळी अनेकांनी कार्टर-रेगन यांच्या १९८० मधल्या वादविवादाचा दीड तासाचा व्हिडिओ लावला. नेटवर्कवरचा ट्रॅफिक नेहमीच्या दुप्पट झाला आणि सुमारे तासभर काही वाचकांना पानं हळू मिळाली. मुळात बॉट्समुळे रोजचा भार आधीच वाढलेला होता, त्यामुळे अशा गर्दीसाठी ठेवलेली जागा कमी पडली.

पान एरवी पटकन कसं येतं?

विकीचं पान तयार करणं हे सर्व्हरसाठी मेहनतीचं काम आहे. मजकूर, साचे, माहितीचौकट, संदर्भ हे सगळं जुळवून एचटीएमएल बनवावं लागतं. म्हणून एकदा बनलेली कॉपी कॅशमध्ये ठेवतात. वडापावच्या गाडीवर वडे आधीच तळून ठेवलेले असतात, तसंच. तयार असेल तर लगेच हातात, नाहीतर कढई तापेपर्यंत थांबा.

ही कॅश वाचकाच्या जवळ असेल तर आणखी फायदा. विकिपीडियाची मुख्य डेटा सेंटर्स अमेरिकेत व्हर्जिनिया आणि टेक्सासमध्ये आहेत. आशियासाठी २०१८ मध्ये सिंगापूरला कॅश सेंटर सुरू झालं. तयार कॉपी तिथे असेल तर विनंतीला अमेरिकेपर्यंत जावंच लागत नाही.

बॉट्समुळे नेमकं काय बिघडतं?

माणसं साधारण तीच ती पानं उघडतात: आजचा सामना, नवा सिनेमा, बातमीतला नेता. एआय कंपन्यांचे बॉट्स मात्र सगळंच उचलतात, वर्षभरात कुणी न उघडलेलं पानसुद्धा. अशा पानाची तयार कॉपी जवळ नसते, म्हणून विनंती थेट मुख्य डेटा सेंटरवर जाऊन आदळते.

विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये आकडे दिले. जानेवारी २०२४ पासून मल्टिमीडिया डाउनलोडसाठी लागणारी बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली. पेजव्ह्यूजमध्ये बॉट्सचा वाटा सुमारे ३५ टक्के, पण सर्वात महागड्या ट्रॅफिकमध्ये तो ६५ टक्के!

मराठीला याचा फटका कसा?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू आहे. त्याची पानं इंग्रजीच्या मानाने कमी वाचली जातात. म्हणजे एखाद्या गडावरचं किंवा जुन्या लेखकावरचं पान कॅशमध्ये नसण्याची शक्यता जास्त. जे लॉग-इन करून लेख लिहितात, त्यांना तर या तयार कॉपीचा फायदा मिळतच नाही. मुख्य सर्व्हरवर बॉट्सची गर्दी झाली, तर त्याची झळ याच लोकांना आधी बसू शकते.

उपाय काय?

नुसते सर्व्हर वाढवणं मला पटत नाही, कारण ते पैसे देणगीतून येतात. विकिपीडियाचा सगळा मजकूर डंप फाइल्सच्या रूपात फुकट मिळतो. मोठ्या कंपन्यांसाठी २०२१ पासून 'विकिमीडिया एंटरप्राइज' ही सशुल्क सेवाही आहे, आणि २०२२ मध्ये गूगल तिचं ग्राहक झालं. पुढचा दरवाजा उघडा असताना खिडकीतून एकेक पान ओढत बसायची गरज नाही. जो बॉट ऐकत नाही, त्याचा वेग मर्यादित करणं योग्यच आहे.

तुमच्या कॉलेजची किंवा ग्रुपची छोटी विकी असेल तर तीन गोष्टी आजच करा. कॅश चालू आहे का ते बघा. जुन्या आवृत्त्या आणि त्यांतले फरक दाखवणाऱ्या पानांवर बॉट्सना बंदी घाला, कारण त्यांची तयार कॉपी सहसा नसते. आणि एका आयपीवरून मिनिटाला किती विनंत्या घ्यायच्या, याला मर्यादा ठेवा. हे न करता महागडा सर्व्हर घेतलात, तर तोही बॉट्सच वापरतील.