पापड आधी, गोधडी मग?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. तालुक्याच्या मैदानावर बचत गटांचं तीन दिवसांचं प्रदर्शन लागलं होतं. बांबूचे खांब, वर कापडी छत आणि दोन्ही बाजूंना मिळून तीसेक स्टॉल. कुठे पापड-कुरडया, कुठे तिखट-मसाला, कुठे लोणची. आमच्या गटाच्या टेबलावर पापड, सांडगे आणि शेवयांची पाकिटं होती. मागे दोरी बांधून तिच्यावर चौदा गोधड्या टांगल्या होत्या. तेरा विकायला होत्या, चौदावी नुसती बघायला.

ही चौदावी गटातल्या सर्वांत वयस्कर आजींची. त्यांच्या सासूबाईंची दोन नऊवारी लुगडी वरच्या बाजूला, मालकांचं धोतर खालच्या बाजूला आणि मधे घरातल्या जुन्या कपड्यांची भर. त्यांनी ती तिशीत असताना शिवली होती. आजी म्हणाल्या होत्या, "ताई, इकायची न्हाई बरं का. पर मांडा. बघू द्या लोकास्नी टाका कसा असतो त्यो."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं. आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, आणि पाच मिनिटांत वळीव असा कोसळला की कापडी छत फुगलं, लोंबलं आणि एका कोपऱ्यातून फाटलं. एकच पळापळ झाली. मी ओरडले, "आधी पापड उचला, पापड!" बायकांनी डबे, पाकिटं, पेट्या उचलल्या आणि समोरच्या शाळेच्या व्हरांड्यात नेल्या. दोन खेपा झाल्या, तीन झाल्या. वजनकाटा नेला, पैशांचा डबा नेला, प्लॅस्टिकच्या खुर्च्यासुद्धा नेल्या. सगळ्यांत शेवटी कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, गोधड्या!"

तोवर त्या निथळत होत्या. भिजलेली गोधडी एका बाईला उचलत नाही. चार-पाच थर पाणी पिऊन बसतात. आम्ही त्या कशाबशा ओढून काढल्या, हातगाडीवर एकावर एक टाकल्या आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात तशाच ढिगाने ठेवल्या. रात्री नऊपर्यंत आम्ही काय करत होतो? तर किती पापड सादळले ते मोजत होतो!

सकाळी ढीग उलगडला आणि माझ्या पोटात धस्स झालं. आजींच्या गोधडीच्या पांढऱ्या धोतरावर लालभडक डाग पडले होते, हातभर लांबीचे. मला वाटलं, जुन्या लुगड्याचाच रंग सुटला. मी तसं म्हणालेही. आजींनी गोधडी उलटीपालटी करून बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "हिचा न्हाई ताई. हिला दरसाल नदीवर आपटून धुतलीया. हिचा रंग जायचा तवाच गेला. ह्यो त्या वरच्या नव्या वाकळंचा हाय."

खरंच होतं. ढिगात तिच्यावर होती ती नवी, लाल काठाची गोधडी. आणि तो लाल काठ लावायला सांगितलं होतं मीच. "जरा चकचकीत दिसलं पाहिजे, तरच गिऱ्हाईक थांबतं," असं म्हणून शिंप्याकडून नव्या कापडाचे तुकडे मीच आणून दिले होते. ते एकदा भिजवून, रंग जातो का बघून घ्यायचं असतं, हे घरातली कुठलीही आजी सांगेल. बायकांना शिकवायला निघालेल्या मला ते सुचलं नव्हतं.

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. "आधी पापड" असं माझ्या तोंडून का निघालं? पापड पाण्याने वाया जातो आणि गोधडी वाळते, हे त्याचं सोपं उत्तर. पण ते पूर्ण खरं नाही. सादळलेले पापड त्या महिन्यात पुन्हा लाटता आले असते. ती गोधडी पुन्हा कुठून आणणार होतो? खरं कारण असं, की पापडाची किंमत माझ्या डोक्यात पक्की होती. किलोला अमुक रुपये. गोधडीची किंमत माझ्या लेखी नव्हतीच. जुनी लुगडी, फावला वेळ आणि बायकांची हौस, एवढाच तिचा हिशेब!

हा हिशेब आपण कधी नीट मांडतो का? मी नंतर आमच्या गटातल्या दोघींना वहीत तास लिहायला सांगितले. सुती साड्या धुऊन, इस्त्री करून, उसवून घ्यायच्या. सारवलेल्या अंगणात किंवा गच्चीवर खालचं अंग पसरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, मधे भर सारखी लावायची. कुठे जाड, कुठे पातळ राहिली तर गोधडी गोळा होते. वर दुसरं अंग टाकून आधी मोठे टाके घालून ती बसवायची. मग कडेने धावदोरा सुरू करायचा आणि बोटभर अंतर ठेवून ओळीमागून ओळ घालत आत जायचं. उकिडवं बसून कंबर धरते, सुईच्या मागच्या टोकाने बोटाला घट्टा पडतो. दोघींच्या वहीत एका मोठ्या गोधडीचे साधारण ऐंशी तास निघाले. आठ तासांचा एक रोज धरला तर दहा रोज झाले. शेतात खुरपणीला जाणाऱ्या बाईचा रोज तीनशे रुपये धरला, तरी नुसती मजुरी तीन हजार होते. दोरा आणि कापड वेगळंच. आणि आम्ही किंमत लावली होती बाराशे! त्यावरही पहिल्याच दिवशी एक बाई म्हणाल्या होत्या, "जुन्याच साड्यांची ना? मग बाराशे कशाचे?" त्यांना काय बोलणार? किंमत लावणाऱ्या आम्हीच तसं धरून चाललो होतो.

बरं, हे काम काही फक्त आपल्याच आजीला येतं असं नाही. जुन्या कपड्याला धावदोरा घालून ऊब तयार करायची, ही अक्कल देशभरच्या बायकांना सुचलेली आहे. बंगालमध्ये कांथा आहे, बिहारमध्ये सुजनी आहे. नक्षी कांथा आणि सुजनी या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी' शिवतात. त्याही कडेपासून सुरुवात करून मध्यापर्यंत येतात आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेले रंगीत तुकडे फुलासारखे लावतात. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. या सगळ्या कामांना आज शहरात गिऱ्हाईक आहे. मग आपली गोधडी, आपली वाकळ तेवढी फुकटची का?

माझी एक मैत्रीण मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेली होती. तिकडे उन्हाळ्यात काऊंटीची जत्रा भरते. काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. गुरं, भाज्या, मुरंबे, केक यांच्याबरोबर तिथे बायकांनी शिवलेल्या गोधड्याही स्पर्धेला असतात. परीक्षक टाके तपासतात, पहिल्या नंबराला निळी फीत लावतात. मैत्रीण गेली त्या दिवशी तिथेही धो धो पाऊस होता, पाळणे बंद पडले होते, मैदानात चिखल झाला होता. "पण गोधड्या हॉलमध्ये होत्या गं," ती म्हणाली, "उलट पावसामुळे सगळी गर्दी तिकडेच!" तिथे गोधडी दोरीवर टाकत नाहीत. मागच्या बाजूला वरच्या कडेला कापडाची लांब नळी शिवतात आणि त्यातून काठी घालतात. त्यामुळे वजन सगळीकडे सारखं पडतं, टाके ताणत नाहीत. केवढी साधी गोष्ट! परकराला नेफा शिवणाऱ्या आपल्या बायकांना ती अर्ध्या तासात जमेल.

पण तिकडे सगळं चांगलंच असतं, असं मात्र नाही हं. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी तिथे गोधड्यांची देशभरातून मोठी स्पर्धा झाली होती. चोवीस हजारांहून जास्त गोधड्या आल्या. मंदीचे दिवस होते आणि बक्षीस हजार डॉलरचं. ते केंटकी राज्यातल्या एका बाईंना मिळालं. पुढे उघड झालं की त्या गोधडीतला एकही टाका त्यांनी घातलेला नव्हता. काम दुसऱ्याच बायकांकडून करून घेतलं होतं आणि बक्षिसातलं त्यांना काहीच मिळालं नव्हतं. कामाची गरज होती म्हणून त्या बायका गप्प राहिल्या. हे वाचलं आणि मला आमचा स्टॉल आठवला. आमच्या चौदा गोधड्यांवर काय लिहिलं होतं? गटाचं नाव, आणि खाली संपर्क म्हणून माझा नंबर. शिवणाऱ्या एकीचंही नाव नव्हतं. मी कुणाचे पैसे घेतले नाहीत, पण नाव तर पुसलंच होतं ना?

आता आयोजकांविषयी. कुणाचं नाव घेऊन दोष द्यायचा नाही. पण एक साधी गोष्ट विचारावीशी वाटते. मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी बायकांचा माल उघड्या मैदानात, कापडी छताखाली का? आम्ही ज्या व्हरांड्यात भिजत उभ्या होतो, त्याच्या मागे शाळेचे वर्ग सुट्टीमुळे रिकामे होते आणि त्यांना कुलपं होती. तेच वर्ग तीन दिवसांसाठी उघडून दिले असते तर काय बिघडलं असतं? उन्हाळ्यात शेतातली कामं कमी असतात, बायकांना वेळ असतो, गोधड्याही याच दिवसांत शिवून होतात. म्हणून प्रदर्शन मे महिन्यात घ्यायला माझी हरकत नाही. ते छपराखाली घ्या, एवढंच म्हणणं आहे. भाषणाच्या व्यासपीठावर मात्र पत्रे टाकलेले होते, हेही सांगायला हवं!

आणि आपणही काही गोष्टी ठरवून टाकू या. गोधडीत नवं कापड वापरायचं असेल, तर आधी ते पाण्यात बुडवून, पांढऱ्या फडक्याने पुसून रंग जातो का ते बघा. जात असेल तर ते जुन्या सुती कपड्याच्या शेजारी लावूच नका. गोधड्या भिजल्याच, तर ढीग करू नका. प्रत्येक वेगळी पसरा. एकीचा रंग दुसरीला लागलाच, तर ती वाळू देऊ नका. लगेच गार पाण्यात बुडवा, पाणी रंगलं की बदला, पुन्हा बुडवा. रंग एकदा वाळला की धरून बसतो. आम्ही नेमकं तेच केलं, रात्रभर तशीच ठेवली. वाळवताना दोन्ही अंगांना ऊन द्या. वरून कोरडी लागते, पण आतली भर ओली राहते आणि मग कुबट वास येतो. आणि ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती चादरीत बांधा.

सगळ्यांत महत्त्वाचं, प्रत्येक गोधडीच्या मागे एका कोपऱ्यात फडक्याचा लहानसा तुकडा लावा. त्यावर शिवणारीचं नाव, गाव आणि साल दोऱ्याने लिहा. आमच्या गटात दोघींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या नातींनी पेन्सिलने नाव काढून दिलं आणि त्यावरून आजींनी टाका घातला. स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिलं, ते असं! शेजारी वहीतले तासही लिहून ठेवा. गिऱ्हाइकाने "बाराशे कशाचे" विचारलं, तर वही पुढे करता येते.

त्या प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आम्ही गोधड्या गार पाण्यातून काढल्या, शाळेच्या कुंपणावर वाळत घातल्या. आजींच्या गोधडीचे डाग फिके झाले, पण गेले नाहीत. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमी काय मुद्दाम केलं व्हय?" आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "पर येक सांगते. पापडाच्या आधी उचलायची हुती." एवढंच. मला ते पुरलं.

संध्याकाळी त्यांनी ती गोधडी पुन्हा टांगायला लावली. "आजी, डाग दिसतोय," मी म्हणाले. "दिसू द्या की. टाकाबी दिसतोया." शहरातून आलेल्या एका मुलीने तिच्यावरून हात फिरवला आणि किंमत विचारली. आजींनी मान हलवली. मुलगी म्हणाली, "मग अशी एक करून द्याल?" आजींनी माझ्याकडे बघितलं. या वेळी किंमत मी सांगितली नाही. आजींनीच सांगितली, तीन हजार. मुलीने घासाघीस केली नाही, पाचशे रुपये आगाऊ दिले आणि आजींचं नाव लिहून घेतलं.

यंदाच्या मे महिन्यातही वळीव येणारच आहे. तो आला की आधी काय उचलायचं, हे आपण आताच ठरवून ठेवू या.