रंगकोशाची समीक्षा आणि कल्याणच्या काचा

ॲनिमेशनपटातील भावप्रतीकांचे वाचन करण्याची एक सोपी पद्धत अभ्यासवर्तुळात रूढ होऊ पाहत आहे. लाल म्हणजे क्रोध, निळा म्हणजे दुःख, पाऊस म्हणजे विरह, अशी यादी आधी सिद्ध ठेवायची आणि कृतीतील चित्रे तिच्याशी ताडून पाहायची. यादी जुळली की विश्लेषण संपले. या उपक्रमाला देशी अधिष्ठान हवे म्हणून नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातील रसवर्णांची साक्ष काढली जाते. तेथे रौद्र रक्तवर्ण आहे आणि २०१५ च्या ‘इनसाइड आउट’ या चित्रपटातील रागही लाल आहे. म्हणजे प्रतीक सार्वत्रिक ठरले!

पण हाच ताळा पुढे चालवला की मोडतो. नाट्यशास्त्रात करुणाचा वर्ण कपोताचा, आणि नील हा बीभत्साचा. ‘इनसाइड आउट’मध्ये मात्र दुःख निळे आणि किळस हिरवी. जुळले तेवढे घ्यायचे आणि न जुळले त्यावर पांघरूण घालायचे, ही मीमांसा नव्हे. शिवाय त्या चित्रपटाचा मर्मबिंदू एकेका रंगात नाहीच. पिवळी स्मृती दुःखाच्या स्पर्शाने निळी पडते आणि अखेरीस एकाच स्मृतीत दोन्ही रंग नांदतात. अर्थ आहे तो या पालटात.

या पद्धतीने होणारे खरे नुकसान ठाणे जिल्ह्यातच पाहावे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ हा जादूच्या कंदिलाचा खेळ लोकांसमोर आणला. ल्युमिएर बंधूंची चित्रे मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली. त्याआधी चार वर्षे काचेवर हाताने रंगवलेली पात्रे कल्याणात पडद्यावर हलत होती. पात्राच्या निरनिराळ्या अवस्था निरनिराळ्या काचांवर रंगवायच्या, त्या क्रमाने बदलायच्या आणि सोबत निवेदन व संगीत चालू ठेवायचे, अशी ही रचना. ‘शांबरी’ म्हणजे माया. नावातच परिवर्तनाचा निर्देश आहे.

आता रंगकोश घेऊन या परंपरेकडे पाहावे. रामाचा श्याम-निळा वर्ण ही चित्रपरंपरेत त्याची ओळख होय. तो स्वयंवरात तसाच आणि वनवासातही तसाच असतो. कोश प्रमाण मानला तर शिवधनुष्य भंगणारा राम दुःखी ठरेल, किंवा नाट्यशास्त्राच्या तक्त्याने बीभत्स! जेथे रंग पात्राची ओळख वाहतो, तेथे भाव वाहण्याचे काम देहाच्या ठेवणीला, काचांच्या क्रमाला, दोन काचांमधल्या अवकाशाला आणि निवेदकाच्या स्वराला करावे लागते. पिंगुळीच्या चित्रकथीतही हेच दिसते. पार्श्वदर्शी चेहरे आणि मोठे डोळे प्रसंगागणिक फारसे बदलत नाहीत. शोक उभा राहतो तो पान उलटताना चाललेल्या गायनात. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडीला स्वतःचा चेहरा नसतो; हालचालीनेच ती पात्र होते.

संकेत नसतातच, असे येथे म्हणणे नाही. घामाचा थेंब, डोक्याभोवती फिरणारे तारे हे रूढ संकेत आहेत आणि प्रेक्षक ते अचूक वाचतो. परंतु संकेत ओळखणे आणि भाव अनुभवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीला कोश पुरतो. दुसरीला कृतीची रचनाच तपासावी लागते.

विपर्यास असा की ज्या अध्यायातून रंगांचा तक्ता उचलला जातो, त्याच अध्यायात रससूत्र आहे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, असे ते सांगते. तक्ता पाठ करणाऱ्यांनी ‘संयोग’ हा शब्द तेवढा वगळला. खरोलिकेची नोंद चित्रपटाच्या पूर्वेतिहासातील नवलाई म्हणून घेतली जाते; आख्यानरूप म्हणून तिचे वाचन होत नाही, याचे कारणही हेच. कोशात बसत नाही ते या पद्धतीला दिसतच नाही. पदव्युत्तर वर्गात विद्यार्थ्याच्या हाती तक्ता देण्याआधी त्याला दोन काचा द्याव्यात, आणि पहिलीवरून दुसरीकडे जाताना नेमके काय घडले, हे विचारावे. भावप्रतीकाचा अभ्यास त्या प्रश्नापासून सुरू होतो.