आम्ही झेड

गडचांदूरच्या आमच्या वस्तीतला एक पोरगा जेलात गेला. शिपाई म्हणून. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपला पोरगा जेलात म्हटलं की लोक आधी गुन्हा विचारतात. मायनं पेढे वाटले. मग त्याची पगाराची चिठ्ठी मी वाचली.

सातव्या वेतन आयोगात कारागृह शिपायाचं मूळ वेतन 21,700 पासून. मुंबई काय, चंद्रपूर काय, एकच. इथवर समता! पुढं घरभाडं. 50 लाखांवर वस्ती ते शहर एक्स, 5 लाखांवर वाय, उरलेला सगळा मुलूख झेड. 2019 ला राज्यानं दर लावले 24, 16 आणि 8 टक्के. महागाई भत्त्याबरोबर टक्के वर सरकतात, तिपटीचा फरक हलत नाही. आर्थर रोडच्या शिपायाला तीन, चंद्रपूरच्याला एक.

मुंबईत खोली महाग, कबूल. तिथल्या भावाचं कापून आम्हाला द्या असं कुणी म्हणत नाही. पण मुंडकी मोजून भाडं ठरवणाऱ्यानं एकदा चंद्रपुरात खोली शोधावी. कोळसा अन् सिमेंटच्या पैशानं फुगलेलं भाडं बघावं. आणि आडनाव ऐकून घरमालक वर मागतो, ते कोणत्या टक्क्यात बसवायचं?

आता जंगलाचा भत्ता बघा. आदिवासी-नक्षलग्रस्त भागात नोकरी करणाऱ्यांसाठी 6 ऑगस्ट 2002 चा शासन निर्णय: मूळ वेतनाच्या 15 टक्के. वा! पण कमाल 1,500. साहेब, 21,700 चे 15 टक्के 3,255 होतात. वरचे 1,755 कुणी गिळले?

याच चांद्याच्या जेलात 21 ऑक्टोबर 1858 ला बाबुराव शेडमाकेंना फासावर दिलं. झाडू कुणी मारायचा, भाकर कुणी भाजायची हे जातीवर ठरवणारे तुरुंगांचे नियम सुप्रीम कोर्टानं मोडीत काढले ते थेट 3 ऑक्टोबर 2024 ला. घटना लागू होऊन 74 वर्षं झाल्यावर! आत जात मोजायची, बाहेर लोकसंख्या.

पोरगा म्हणतो, "दादा, बदलीचा अर्ज लिहून दे, मुंबईले जातो." मी नाही लिहिला. एक गेला तर दुसरा कोणी आपलाच त्या झेडात येईल. 1,500 ची मर्यादा काढा, भाडं खऱ्या भाड्यावर ठरवा, एवढंच लिहिलं. त्यावर त्याची सही घेतली नाही. तो बोलला तर नोकरीवर येईल. सह्या आपण करायच्या. दोस्तांनो, रविवारी दुपारी गडचांदूरच्या बसस्टँडवर या. कागद माझ्याकडे आहे, पेन घेऊन या.