कलत्या हनुवटीचे वय

पनवेलजवळच्या कामोठे येथे महात्मा गांधी मिशनचे दंतमहाविद्यालय आहे. दात सरळ करण्याचे उपचार म्हणजे शाळकरी मुलांचा विषय, अशी समजूत होती. आता नोकरीपेशातील प्रौढही अशा संस्थांकडे वळू लागले आहेत. त्यांतील काहींची खरी तक्रार दातांची नसून चेहऱ्याची असते. हनुवटी एका बाजूस कललेली दिसते आणि दोष वयाच्या माथी मारला जातो.

हा निवाडा घाईचा आहे. पूर्णतः समतोल चेहरा कोणाचाच नसतो. वयाबरोबर असमतोल वाढतो, हेही खरे. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ही वाढ दर दशकास सरासरी अवघी ०.०६ मिलिमीटर भरली. एवढ्याने हनुवटी कलत नाही. प्रौढपणी ती नव्याने सरकू लागली, तर तो आजार समजून तपासून घ्यावा. एरवी तिचे मूळ बहुधा वाढीच्या वयातच सापडते.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील १९९७ च्या पाहणीत जबड्याच्या व्यंगाच्या रुग्णांपैकी ३४ टक्क्यांत असमतोल आढळला. त्यांपैकी ७४ टक्क्यांत तो हनुवटीच्या भागात होता. याचे कारण उघड आहे. खालचा जबडा दीर्घकाळ वाढत राहतो. लहानपणी पडून त्याच्या सांध्यास इजा झाली, तर त्या बाजूची वाढ खुंटू शकते. वरचा जबडा अरुंद असला, की मूल चावताना खालचा जबडा एका बाजूस सरकवते. पुढे हाडाची वाढही त्याच वळणाने जाऊ शकते.

वयाचे खरे महत्त्व येथे आहे. सातव्या-आठव्या वर्षी अरुंद जबडा साध्या उपकरणाने काही महिन्यांत रुंदावता येतो. वाढ थांबल्यावर तारांनी दात हलतात, जबड्याचे हाड नव्हे. मोठ्या व्यंगास शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. तो खर्च सामान्य कुटुंबाने कोठून करावा?

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये पालघर येथेच झाला आणि त्याच्या तपासणीत दंतविकारांचा समावेश आहे. ही तपासणी किडलेल्या दातांपाशी थांबू नये. दात मिटताना मुलाची हनुवटी बाजूस सरकते काय, एवढे पाहण्यास यंत्र लागत नाही. शिक्षकाची सावध नजरही पुरेल. प्रौढपणीची शस्त्रक्रिया टाळण्याची संधी दुसरी-तिसरीच्या वर्गातच असते.